शेवंतीला आलेलं स्थळ

तारवेळच्या किनाऱ्यावर जिताडा आधी मुलगी बघायला येतो आणि पसंत पडली तरच तिला तोंडात धरतो. मुलगी म्हणजे लुअर, मासेमारीच्या रॉडच्या दोरीला आमिष म्हणून बांधायचा लाकडी मासा. बाहेरगावचे हौशी लोक सुट्टीच्या दिवशी गाड्या घेऊन येतात, खडकांवर उभे राहून दिवसभर लुअर फेकतात आणि संध्याकाळी रिकाम्या हातांनी परतताना समुद्राला नावं ठेवतात. ना ओळख ना निरोप, एकदम कुणाच्या दारात मुलगी भिरकावली तर चांगल्या घरातलं कुणी तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही, हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं. मी सांगत नाही. मला कुणी विचारलेलं नाही.

मी श्रीधर चौबळ. मोजणी खात्यात एकतीस वर्षं लोकांच्या जमिनींना फीत लावली आणि निवृत्त झाल्यावर तारवेळला घर बांधलं. याला कारणं दोन. माझ्या पत्नीला, कुंदाला, समुद्राची हवा मानवते आणि मला माशांत जिताडा आवडतो. पहिलं कारण मी मागाहून जोडलेलं आहे, हे कुंदाला माहीत आहे. बाजारातला जिताडा मी आयुष्यभर खाल्ला. माझी इच्छा एवढीच होती की एकदा तरी स्वतः किनाऱ्यावर उभं राहून धरलेला जिताडा त्याच दिवशी नारळाच्या रसात, वाळवलेल्या कैरीची आंबोशी घालून खावा.

त्यासाठी शेवंती करून घेतली. सावंतवाडीच्या एका खेळणी करणाऱ्या कारागिराने ती पांगाऱ्याच्या हलक्या लाकडातून घडवली. लांबी साडेचार इंच, ठेवण बोय माशाची, पाठ करडी आणि पोट पिवळं, म्हणून नाव शेवंती. पोटात दोन छर्रे आहेत, ती पाण्यातून ओढली की ते वाजतात. पोटाखाली एक आणि शेपटीला एक असे तीन-तीन तोंडांचे दोन गळ. शेपटीच्या गळाला पांढऱ्या पिसांचा झुबका. बाप म्हणून सांगत नाही, पण मुलगी देखणी होती.

तरी नऊ वर्षांत बावीस स्थळं आली आणि बावीसही गेली. कुणाला ती फार बुटकी वाटली, कुणाला फार चमकणारी. एकांची पत्रिका जुळेना, कारण कारागिराने पहिला पटाशीचा घाव मूळ नक्षत्रावर घातला होता. तोंडावर नकार कुणी दिला नाही. सगळे कोळंबी खायचे, मुलीला चालून दाखवायला लावायचे, आणि "विचार करून कळवतो" असं म्हणून खोल पाण्यात जायचे. त्यानंतर कुणीही कधी कळवलेलं नाही.

दहा वर्षं पूर्ण झालेली लुअर जिताडे बघत नाहीत. तिला काचेच्या कपाटात ठेवावं लागतं. शेजारच्या वैद्यांची लुअर परदेशात घडलेली, जपानी, तीन रंगांत चमकणारी. ती आता त्यांच्या दिवाणखान्यात पितळी समईच्या बाजूला असते, आणि पाहुणे आले की वैद्यवहिनी आवाज खाली आणून म्हणतात, "हिचं नाही जमलं." शेवंतीला दसऱ्याला दहा पूर्ण होणार होती. पावसाळ्यात बघण्याचे कार्यक्रम होत नाहीत. माझ्या हातात फाल्गुन, चैत्र आणि वैशाख उरले होते.

अशा वेळी तानीबय आली. तानीबय सकाळी बाजारात मासळी विकते आणि संध्याकाळी जिताड्यांची स्थळं जमवते. या दोन कामांत काही विरोध आहे असं तिला वाटत नाही. मलाही कधी वाटलं नव्हतं.

"चौबलभाव, स्थल आनलंय," टोपली उतरवत ती म्हणाली. "पोरगा बेस हाय. धक्क्याच्या तिसऱ्या खांबाखाली सोताची जागा हाय. तीन वर्सांचा, साडेचार किलो."

"घरात कोण कोण?"

"आत्या. दुसरं कोन असनार?"

हे खरं होतं. जिताडा पहिली तीन-चार वर्षं नर असतो आणि पुढे मादी होतो, त्यामुळे त्यांच्या घरात वडीलधारा पुरुष नसतो. जो कोणी काका होता तो आता आत्या असतो. बोलणी नेहमी आत्यांशीच होतात. आज बोहल्यावर उभा राहणारा मुलगा पुढेमागे आत्या होणार, हे लग्नाच्या बैठकीत कुणी काढत नाही.

फाल्गुनातल्या दशमीला, भरतीच्या चौथ्या तासाला, म्हणजे संध्याकाळी पाचच्या सुमारास, आम्ही खाडीच्या तोंडाशी खडकांवर जाऊन बसलो. मी इस्त्रीचा सदरा घातला होता. कुंदाने ताटात सोललेली कोळंबी आणली होती आणि हातात नेहमीचं क्रोशाचं विणकाम. पाच वाजून दहा मिनिटांनी गुडघाभर पाण्यात ते चौघं आले. पुढे थोरल्या आत्याबाई, बारा किलोंच्या, खालचा जबडा पुढे काढलेल्या. मागे दोन धाकट्या आत्या. त्यांच्या मागे मुलगा, खाली वाळूकडे बघणारा. कुंदाने कोळंबी पाण्यात सोडली. त्यांनी आढेवेढे घेत घेत सगळी संपवली.

"नाव काय मुलीचं?" आत्याबाईंनी विचारलं.

"शेवंती."

"वय?"

"दसऱ्याला दहा पूर्ण होतील."

"म्हणजे दहाच," धाकटी आत्या म्हणाली.

"गाता येतं का?"

मी शेवंतीला पाण्यात सोडून हळूच ओढली. छर्रे वाजले.

"आवाज जरा किनरा आहे," दुसरी आत्या म्हणाली. ती नंतर काहीच बोलली नाही. बहुधा तिला एकच वाक्य ठरवून दिलं असावं.

"जरा चालून दाखवू दे," आत्याबाई म्हणाल्या.

मी रॉड मागे घेतला, शेवंतीला वीस हात पलीकडे टाकली आणि रीळ फिरवत आणली. ती डुलत डुलत आली. "आता जरा सावकाश," आत्याबाई म्हणाल्या. मी सावकाश आणली. "आता मध्ये थांबून." मी दोनदा थांबवून आणली. या वेळी कुंदाची सुई थांबली होती, पण माझं लक्ष मुलाकडे होतं. त्याने वाळूवरची नजर पहिल्यांदाच वर उचलली.

विणकाम कुंदाच्या मांडीवर तसंच पडलं. मी "विचार करून कळवतो"ची वाट बघू लागलो.

"मुलगी पसंत आहे," आत्याबाई म्हणाल्या.

नऊ वर्षांत हे वाक्य मी ऐकलं नव्हतं. माझ्या तोंडाला पाणी सुटलं आणि डोळ्यांनाही आलं. दोन्ही एकदम आल्यामुळे मी इस्त्रीच्या सदऱ्याच्या बाहीने दोन्ही पुसलं.

"पण एक विचारायचं आहे," आत्याबाई पुढे म्हणाल्या. "माझे अकरा भाचे तुमच्या गावात घरजावई म्हणून गेले."

तारवेळची पद्धत तीच आहे. लग्न लागलं की जावई दोरीबरोबर वर येतो आणि सासरीच राहतो. गेलेला एकही परत आला नाही, त्यावरून समुद्रात अशी समजूत आहे की आमच्याकडे जावयांना फार चांगलं ठेवतात.

"सगळे सुखात आहेत," मी म्हणालो.

"सणाला एकही आला नाही."

"त्यांना इथे करमतं."

"जाधवांकडे धाकटा गेला, गेल्या माघात. तो कसा आहे?"

"त्याचं फार कौतुक झालं. मी स्वतः जेवायला होतो."

आत्याबाई बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. जिताड्याला पापण्या नसतात, त्यामुळे तो बघतो तेव्हा बघतच राहतो.

"या खेपेला मुलगी आमच्याकडे येईल," त्या म्हणाल्या. "अंगावरचं लोखंड उतरवून ठेवायचं. लग्न लागलं की दोरी तुम्ही आपल्या हाताने सोडायची. जगात मुलगी सासरी जाते. तुमच्यातही तसंच आहे ना?"

मी कुंदाकडे पाहिलं. अशा प्रसंगी ती माझी बाजू सावरून घेते.

"आमच्यातही तसंच आहे," कुंदा म्हणाली.

मग मला हो म्हणावं लागलं. चैत्री पौर्णिमेच्या उधाणाचा, सकाळी साडेदहाचा मुहूर्त ठरला. तानीबयने दोन्हीकडच्यांना साखर दिली. पाण्यातली लगेच विरघळली.

घरी आल्यावर मी कुंदाला हिशेब समजावून सांगितला. गळ काढायचे म्हणजे जिताडा हाती लागणार नाही. दोरी सोडायची म्हणजे शेवंतीही जाणार. नऊ वर्षं वाट बघून हातात काय उरलं? नुसती काठी.

"मुलीचं लग्न करताय की तुमच्या जेवणाची सोय?" तिने विचारलं.

"दोन्ही एकदम होत असेल तर कुणाचं काय बिघडतं?"

कुंदा विणकाम घेऊन बसली. थोड्या वेळाने मान वर न करता म्हणाली, "तुम्ही मला बघायला आलात तेव्हा तुमचे काका म्हणाले, खिडकीपर्यंत चालून दाखव. मी गेले आणि आले. मग म्हणाले, आता जरा सावकाश. मी पुन्हा गेले. तुम्ही बशीत बघत होतात."

"शंकरपाळे होते," मी म्हणालो. मला चांगले आठवत होते. खुसखुशीत होते.

"नाव विचारलं, वय विचारलं, गाता येतं का विचारलं. भाकरी थापता येते का तेही विचारलं. मला तुमच्याशी लग्न करायचं आहे का, एवढंच विचारायचं राहिलं. अडतीस वर्षं झाली."

या गोष्टीचा शेवंतीशी काय संबंध, ते मला कळलं नाही. मी तसं म्हणालोही. त्यानंतर महिनाभर तो विषय आमच्यात निघाला नाही.

चैत्री पौर्णिमेला सकाळी मी शेवंतीचा पोटाखालचा गळ काढला. शेपटीचा ठेवला. पांढऱ्या पिसांत तो दिसत नव्हता. मोजणीतसुद्धा चार बोटं इकडची तिकडे धरतातच, आणि त्याला कुणी फसवणूक म्हणत नाही. मग मी स्वयंपाकघरात गेलो आणि आंबोशीच्या चार फोडी वाटीत भिजत घातल्या. कुंदाने वाटी पाहिली. माझ्याकडे पाहिलं. विणकामाची पिशवी घेतली आणि चपला घालून बाहेर पडली.

लग्न चांगलं झालं. उधाणाचं पाणी खडकाला लागलं होतं. आत्याबाईंनी आणखी दोन आत्या आणल्या होत्या. तानीबय नवं लुगडं नेसून आली होती. वैद्यवहिनी आल्या आणि पदराने डोळे टिपत उभ्या राहिल्या, त्या कुणासाठी ते मला माहीत आहे. साडेदहाला मी शेवंतीला पाण्यात सोडलं. ती डुलत निघाली, मधे थांबली, पुन्हा निघाली, अगदी शिकवल्याप्रमाणे. मुलगा पुढे आला. त्याने तोंड उघडलं आणि तिला इतक्या अलगद आत घेतलं की पाणीसुद्धा हललं नाही.

आणि गळ लागला.

रॉड वाकला. रीळ किंचाळलं. मुलगा पाण्यातून हातभर उंच उसळला, डोकं झाडलं, पुन्हा पडला. माझ्या मनात काय होतं म्हणून विचाराल तर काहीच नव्हतं. हात आपोआप चालले होते. नऊ वर्षं ते याच एका वजनासाठी थांबले होते, आणि वजन आलं होतं. मी रीळ फिरवत राहिलो. दहा हात. आठ हात. त्याच्या अंगाची चांदी दिसू लागली.

"चौबळसाहेब," आत्याबाई शांतपणे म्हणाल्या, "हे ठरलं नव्हतं."

मी रीळ फिरवलं. सहा हात.

"ठरलं नव्हतं," माझ्या शेजारून आवाज आला. कुंदाने पिशवीतून क्रोशाची छोटी कात्री काढली आणि दोरी कापली.

रॉड सरळ झाला. पाणी एकदा ढवळलं आणि शांत झालं. आत्याबाई वळल्या, त्यांनी कुंदाला, मला नव्हे, मान हलवून निरोप दिला, आणि सगळं वऱ्हाड धक्क्याकडे निघून गेलं. मी उभा राहिलो आणि मला रडू फुटलं. अगदी हुंदके देऊन रडलो. तानीबय म्हणाली, "रडा भाव, बापाला रडू येतंच." मला वाटलं, मी जिताड्यासाठी रडतोय. घरी येऊन लुअरची डबी उघडली, शेवंतीच्या जागेवर स्पंजमध्ये तिचा साडेचार इंचांचा खळगा दिसला, तेव्हा खरं काय ते कळलं. आंबोशी तशीच भिजून पडली होती. कुंदाने ती डाळीत घातली.

पावसाळा गेला. दसरा गेला, शेवंतीला दहा पूर्ण झाली. काचेचं कपाट आणायची वेळ माझ्यावर आली नाही, पण त्याचा जेवढा आनंद व्हायला हवा होता तेवढा झाला नाही. मी किनाऱ्यावर जायचो, रॉड न घेता. तिसऱ्या खांबापाशी थोडा वेळ उभा राहायचो. मुलीच्या सासरी उगाच फार जाऊ नये, म्हणून लगेच परत यायचो.

दिवाळीच्या पाडव्याला सकाळी कुंदा फिरायला गेली होती, ती ओंजळीत शेवंतीला घेऊन आली. भरतीच्या रेषेवर, शेवाळात होती म्हणाली. माहेरपणाला आलेली. एका कुशीचा रंग गेला होता, पाठीवर बारीक चरे पडले होते. शेपटीचा गळ गंजून गळून पडला होता, पिसं मात्र दोन शिल्लक होती. कुंदाने तिला गोड्या पाण्यात न्हाऊ घातलं, मऊ फडक्याने पुसलं. मागोमाग तानीबय फराळाला आली आणि तिकडची खबर सांगितली.

"जावय आषाडात आत्या जाला. घरान आता सहा आत्या हायत. बारा वाजता न्यायला येतील पोरीला, तयार ठेवा."

ती चिवडा बांधून घेऊन गेली. मी घड्याळात पाहिलं. साडेदहा झाले होते. मी शेवंतीला नवी पिसं लावावी म्हणून डबी आणायला उठलो.

"परत जायचं आहे का, ते तिला विचारा आधी," कुंदा म्हणाली.

हे माझ्या खरंच डोक्यात आलं नव्हतं. बावीस स्थळांच्या वेळी नाही, तेविसाव्याच्याही वेळी नाही. मी खाली बसलो आणि तिला विचारलं. "शेवंती, तुला परत जायचं आहे की इथे राहायचं आहे? कपाटात ठेवणार नाही. जायचं नसेल तर बारा वाजता मी जाऊन सांगेन." शेवंती मुळातच कमी बोलते. तिला विचार करायला वेळ द्यावा म्हणून मी तिला खिडकीत ठेवलं, जिथून समुद्रही दिसतो आणि घरही.

मग कुंदाने पाडव्याचं ओवाळलं. मी ताटात घालायला पाकीट आणलं होतं. तिने ते बाजूला सारलं.

"या वर्षी ओवाळणी नको. मला विचारा."

"काय?"

तिने निरांजनाचं ताट खाली ठेवलं, खुर्चीत नीट टेकून बसली आणि फराळाची बशी मांडीवर घेतली. बशीत शंकरपाळे होते. तेव्हा माझ्या लक्षात आलं.

"कुंदा," मी म्हणालो, "तुला माझ्याशी लग्न करायचं आहे का?"

"जरा चालून दाखवा," ती म्हणाली.

मी खिडकीपर्यंत गेलो आणि परत आलो.

"आता जरा सावकाश."

मी पुन्हा गेलो. गुडघ्यामुळे माझा डावा पाय थोडा ओढतो. या खेपेला मला तो लपवता आला नाही. परत येऊन तिच्यासमोर उभा राहिलो. हातांचं काय करावं ते कळत नव्हतं. तिने एक शंकरपाळा तोंडात टाकला आणि सावकाश खाल्ला, पण बशीत एकदाही पाहिलं नाही. सगळा वेळ माझ्याकडे बघत होती.

"विचार करून कळवते," कुंदा म्हणाली.